आमच्या बाबांना पंच हवे होते

लाईनीत वाढलेल्या मुलांना बापाच्या चेहऱ्यापेक्षा त्याचे बूट जास्त ओळखीचे. रात्री दीड-दोनला जिन्यात बूट वाजायला लागले की अंथरुणात पडल्या पडल्या आम्ही सांगायचो, हे वरच्या मजल्यावरचे, हे समोरचे काका, हे आपले. समोरचे काका टाचा आपटत यायचे. बाबा शेवटच्या पाच-सात पायऱ्यांवर मुद्दाम सावकाश व्हायचे, आमची झोप मोडू नये म्हणून. त्या सावकाश होण्यानंच आम्ही जागे व्हायचो.

मुंबईत पोलिसांच्या वसाहतीला कुणी वसाहत म्हणत नाही, लाईन म्हणतात. नायगावची लाईन, वरळीची लाईन, माहीमची लाईन. पुष्कळ पोलिसांची बिऱ्हाडं बीडीडी चाळींमध्ये होती. १९२०च्या दशकात सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं बांधलेल्या या चाळी. तळमजला आणि वर तीन मजले, एका इमारतीत ऐंशी खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. आमचीही तशीच. त्यात आई-बाबा, आम्ही तीन भावंडं, शिकायला गावाहून आलेला आत्याचा मुलगा, कोपऱ्यात मोरी, आणि खुंटीवर कडक इस्त्रीची वर्दी. वर्दीच्या खाली कुणी बसायचं नाही, डोक्याचं तेल लागतं म्हणून. रविवारी आई पट्ट्याच्या बकलाला ब्रासो लावून द्यायची आणि आम्ही ते जुन्या बनियनच्या फडक्यानं घासायचो, आपलं तोंड त्यात दिसेपर्यंत. प्रत्येकाला आपल्या बापाचा बक्कल नंबर पाठ. शाळेत बाई घरचा पत्ता विचारायच्या तेव्हा एखादं पोर पत्त्याबरोबर नंबरही सांगून टाकायचं.

दुपारी लाईनीत आवाज करायचा नाही हा नियम कुणी लिहिला नव्हता, पण तो मोडलेला मला आठवत नाही. मजल्यावर कुणाचे ना कुणाचे वडील नाईट करून झोपलेले असायचे. कॅरम बंद, कारण स्ट्रायकर वाजतो. चपला हातात घेऊन आम्ही मुलं गॅलरीतून चालायचो. एखादं तान्हं रडायला लागलं तर त्याची आई त्याला उचलून खाली नळापाशी न्यायची. वीस बिऱ्हाडांनी मिळून एका माणसाची झोप राखायची, आणि चार तासांनी त्यालाच पुन्हा बंदोबस्ताला बोलावणं यायचं.

सण आमच्याकडे बाबांशिवाय व्हायचे. अनंत चतुर्दशीला सकाळी गेलेले बाबा दुसऱ्या दिवशी दुपारी यायचे. आई परातीत गरम पाणी आणि खडेमीठ घालून ठेवायची. बूट काढले की मोजे कातडीला चिकटलेले असायचे, ते ओले करूनच सोडवावे लागत. आम्ही तिघं परातीभोवती बसून ते बघायचो. बाबा तेवढ्यात आम्हाला विसर्जनातल्या मोठ्या गणपतीचं वर्णन करून सांगायला लागायचे, आणि दोन वाक्यांत झोपून जायचे, पाय परातीत तसेच.

बाहेरच्या जगात आमच्या वडिलांचं नाव पांडू होतं. दादा कोंडक्यांचा ‘पांडू हवालदार’ १९७५ साली आला आणि ते नाव कायमचं चिकटलं. सिनेमा आम्हालाही आवडला होता. पण मैदानावर हरलेल्या टीमची पोरं ‘ए पांडूच्या’ म्हणून ओरडायची, तेव्हा आमचे भाऊ रक्त निघेस्तोवर मारामारी करून यायचे आणि घरी कारण सांगायचे नाहीत.

रविवारी कधी कधी तीन पाहुणे एका सतरंजीवर बसायचे, म्हणजे दोन पाहुणे आणि घरी असलेच तर बाबा. बाबांचे थोरले भाऊ, आमचे तात्या, लालबागच्या बाजूला गिरणीत होते. मामा पोस्टात. आई पोहे करायची आणि बोलणं हटकून पगारावर यायचं. लहानपणी मला ते रटाळ वाटायचं. आता वाटतं, या देशात कष्ट करणाऱ्याला कुठे दाद मागता येते याचा सगळा धडा त्या सतरंजीवर झाला.

तात्या म्हणायचे, “आमच्याकडे युनियन हाय, कोर्ट हाय. मालक नाय म्हणाला तरी औद्योगिक न्यायालयात जाता येतं.” गिरणी कामगारांसाठी १९४६चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा होता. त्यात एका धंद्यात एकाच संघटनेला प्रतिनिधी म्हणून मान्यता, आणि नेमकी तीच संघटना कामगारांना आपली वाटेनाशी झाली, हे दुखणं होतंच. तरी दार होतं.

मामा पोस्टाचं सांगायचे. १९६०चा केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा संप त्यांनी पाहिला होता. त्यानंतर १९६६च्या ऑक्टोबरात केंद्रानं संयुक्त सल्लागार यंत्रणा आणि सक्तीच्या लवादाची योजना सुरू केली. दोन्ही बाजू समोरासमोर बसणार. पगार आणि भत्ते, आठवड्याचे कामाचे तास आणि रजा या गोष्टींवर जमलंच नाही तर प्रकरण लवादाकडे. लवाद सांगेल ते सरकारनंही मानायचं आणि कर्मचाऱ्यांनीही. फक्त संसदेचा शब्द त्याच्यावर.

“त्यात पोलीस आहेत का?” बाबांनी एकदा विचारलं.

“वगळलेत,” मामा म्हणाले.

बाबा राज्याचे नोकर, ही योजना केंद्राची, त्यामुळे ती त्यांना तशीही लागू नव्हती. पण केंद्राच्या अखत्यारीतल्या पोलिसांनाही ती नाही, हे ऐकून ते गप्प झाले. आणखी एक गोष्ट मला फार पुढे कायद्याची पुस्तकं चाळताना कळली. त्याच १९६६च्या डिसेंबरात संसदेनं पोलीस दलांच्या हक्कांवर मर्यादा घालणारा कायदा केला. परवानगीशिवाय युनियनचं सभासद व्हायचं नाही, वर्तमानपत्राशी बोलायचं नाही. राज्यघटनेच्या ३३व्या कलमानं संसदेला तो अधिकार दिलेलाच होता. कारकुनाला लवाद आणि शिपायाला तोंडावर बोट, दोन महिन्यांच्या आत.

बाबांना लवाद हा शब्द अवघड जायचा. ते पंच म्हणायचे. पाटण तालुक्यातल्या आमच्या गावात बांधावरून भावाभावांत वाद झाला तर दोन्हीकडून एकेक आणि वर एक तिऱ्हाईत असे पंच बसत. निवाडा पटो न पटो, देवळात बसून दिला की पाळायचा. “तसे पंच पाहिजेत आम्हाला,” बाबा म्हणायचे. “साहेबानं अर्ज वाचायचा आणि साहेबानंच शेरा मारायचा, याला न्याय म्हणत नाहीत.” आयुष्यभर त्या माणसानं पंचनामे लिहिले. चोरीच्या घरात, अपघाताच्या रस्त्यावर, रात्री तीन वाजता झोपलेल्या दुकानदारांना उठवून दोन पंच उभे केले. स्वतःच्या आठ तासांसाठी त्याला पंच मिळाले नाहीत.

गाऱ्हाणं सांगायची रीत होती, नाही असं नाही. ओ.आर. म्हणजे ऑर्डर्ली रूम. टोपी नीट करून साहेबासमोर सावधान उभं राहायचं आणि सांगायचं. धाकट्या भावाला कावीळ झाली तेव्हा बाबा रजेसाठी असेच उभे राहिले होते. सण जवळ होता, रजा मिळाली नाही. साहेब कोण, ठाणं कुठलं, हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. आई दवाखान्यात एकटी बसली. समोरच्या काकूंनी आमचं जेवणखाण पाहिलं, आणि काकांनी आपली साप्ताहिक सुट्टी सोडून भावासाठी बाटलीभर उसाचा रस दोन वेळा नेऊन दिला.

१९७७-७८च्या हिवाळ्यात महाराष्ट्रातले राज्य कर्मचारी ५४ दिवस संपावर होते. तेव्हा रस्त्यावर उभं राहून त्यांचे मोर्चे सांभाळणारे आमचे वडील त्याच राज्याचे नोकर होते. १९७९च्या मे महिन्यात पंजाबात पोलीस रस्त्यावर आले, आणि ते लोण इतर राज्यांत गेलं. बोकारोला केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या जवानांवर लष्कर घालावं लागलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय पोलीस आयोगाचा पहिला अहवाल आलेला होता. खालच्या हुद्द्यांवरचा पोलीस रोज दहा ते सोळा तास, आठवड्याचे सातही दिवस राबतो, असं त्यात लिहिलं होतं. शिपायाला कुशल कामगाराच्या तोलाचा पगार द्या, घरगड्यासारखी ऑर्डर्लीची कामं बंद करा, त्याची गाऱ्हाणी ऐकायची यंत्रणा उभी करा, असं त्यात म्हटलं होतं. आपण जे सांगतो तेच सरकारनं नेमलेल्या माणसांनी छापलंय, हे आमच्या लाईनीत कळलं तेव्हा केवढा धीर आला असेल. महाराष्ट्रात पोलीस कर्मचाऱ्यांची संघटना उभी राहिली, तिला सरकारची मान्यताही मिळाली. वर्गणीच्या पावत्या बाबा एलआयसीच्या कागदांबरोबर ठेवायचे.

मग १९८२ साल आलं. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. तात्या संपात आणि बाबा गिरणीच्या गेटवर बंदोबस्ताला. हे फक्त आमच्या घरात नव्हतं. गिरणगावातला कामगार आणि त्याच्यासमोर काठी घेऊन उभा असलेला शिपाई एकाच तालुक्यातले, पुष्कळदा एकाच चाळीतले, कधी एकाच आईचे. संध्याकाळी आई तात्यांकडे पिठाचा डबा पाठवायची. नेणारी मी. तात्या डबा घेताना विचारायचे, “बाळा, बाप जेवला का?” रोज एवढंच.

चौदा ऑगस्टच्या रात्री बाबा लवकर आले, आणि आईला म्हणाले, “अगं, काळं कापड आहे का घरात?” स्वातंत्र्यदिनी काळ्या फिती लावून काम करायचं ठरलं होतं. सणासुदीचे दिवस, श्रावण चाललेला, आमच्या घरात काळं कापड कुठून असणार! माझ्या शाळेच्या रिबिनी काळ्या होत्या. आईनं त्यातली एक घेतली, कात्रीनं चार तुकडे केले. एक बाबांना, एक समोरच्या काकांना, दोन आणखी कुणाला. कडा उसवू नयेत म्हणून तिनं प्रत्येक तुकड्याची टोकं काडेपेटीच्या काडीनं हलकेच भाजली. तो नायलॉन जळल्याचा वास मला आजही येतो. मग बांगडीत अडकवलेल्या सेफ्टी पिना काढून तिनं वर्दीला फीत लावली. वर्दीला कधीही हात न लावू देणारे बाबा स्तब्ध उभे होते.

दुसऱ्या दिवशी रविवार होता तरी झेंडावंदनाला शाळेत जायचं होतं. माझ्या एका वेणीला फूल होतं, दुसरीला नुसता दोरा. बाईंनी कारण विचारलं. मी म्हटलं, तुटली. मग माझं लक्ष गेलं. रांगेत आमच्या लाईनीतल्या आणखी पाच मुली होत्या आणि पाचही जणींच्या वेण्यांत काहीतरी कमी होतं. आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही. सरळ झेंड्याकडे बघत राहिलो, कारण शेजारच्या रस्त्यावर त्याच झेंड्याच्या बंदोबस्ताला आमचे वडील उभे होते.

अठराला पहाटे संघटनेच्या नेत्यांना अटक झाली, संघटनेची मान्यता काढून घेतली गेली. तेव्हा बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री होते. बातमी एका लाईनीतून दुसऱ्या लाईनीत बघता बघता गेली. नायगाव, वरळी पेटली. शिपाई रस्त्यावर उतरले, संपातले गिरणी कामगार त्यांच्यात मिसळले. दगड, जाळपोळ, लोकल अडलेल्या, दुकानं लुटली गेली. सीमा सुरक्षा दल आणलं, लष्कर बोलावलं. माणसं मेली. जे जळलं आणि जे लुटलं गेलं त्याचं समर्थन मी करणार नाही. बाबांनीही कधी केलं नाही. पोलीस ज्या दिवशी रस्त्यावर नसतो त्या दिवशी गरिबाचं दुकान आधी फुटतं, हे त्यांचंच वाक्य. ते दोन दिवस ते खोलीत दाराला पाठ लावून बसून होते. खुंटीवरच्या वर्दीला काळी फीत तशीच. गॅलरीतून आम्हाला लष्कराचा ट्रक दिसला. लाईनीवर बंदुका रोखलेला ट्रक. आईनं आम्हाला आत ओढलं आणि खिडकीला चादर लावली.

चार दिवसांनी गणपती होते. लाईनीचा गणपती आम्ही मुलांनीच हातगाडीवरून आणला, ताशाशिवाय. आरतीला पुरुष नव्हते. बायकांनी आरती म्हटली, आणि झांजा समोरच्या काकूंच्या हातात होत्या. काका कुठे आहेत हे त्यांना तेव्हा कळलेलं नव्हतं.

बाबा हजर झाले, त्यांची नोकरी राहिली. समोरच्या काकांना बडतर्फीचा कागद आला. एक पानभर. घटनेच्या ३११व्या कलमात चौकशी व्यवहार्य नसेल तर तिच्याशिवाय काढून टाकायची सोय आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९८५ साली तुलसीराम पटेल खटल्यात ती सोय कायम केली, त्यात बोकारोच्या जवानांचीही प्रकरणं होती. ऐकणारं कुणी नाही म्हणून जो माणूस बाहेर आला, त्याला काढतानाही कुणी ऐकून घेतलं नाही. एका संध्याकाळी काका परत आले. आम्ही मुलं जिन्यात बसलो होतो आणि ते आमच्या अगदी शेजारून वर गेले तरी आम्हाला कळलं नाही, कारण त्यांच्या पायांत चपला होत्या.

पुढच्या महिन्यात त्यांनी खोली सोडली. टेम्पोत सामान चढवताना लाईनीतले पुरुष खाली आले नाहीत. नोकऱ्या होत्या, भीती होती. बाबा एकटे गेले, कपाटाची एक बाजू धरली.

यानंतर पुष्कळ वर्षांनी, २००८च्या जानेवारीत, लाईनीतल्याच एका मैत्रिणीनं लंडनहून फोटो पाठवले. ती लग्न होऊन तिकडे गेलेली. २३ जानेवारीला वीस हजारांहून जास्त पोलीस सुट्टी घेऊन, साध्या कपड्यांत लंडनच्या रस्त्यांवरून शांतपणे चालत गेले होते. तिथं १९१८-१९च्या संपांनंतर पोलिसांना संपाची आणि युनियनची बंदी झाली, पण १९१९च्या कायद्यानं त्यांना बोलण्यासाठी फेडरेशन दिलं आणि पगारही वाढवले. पुढे पगाराचं जमलं नाही तर जायला लवादही आला. त्या लवादानं २००७ साली अडीच टक्के वाढ सांगितली होती. गृहमंत्री जॅकी स्मिथ यांनी ती सप्टेंबरऐवजी डिसेंबरपासून दिली, म्हणजे वर्षाची वाढ १.९ टक्क्यांवर आली. स्कॉटलंडनं पूर्ण दिली. त्या वीस हजारांचं म्हणणं पैशापुरतं नव्हतं. लवादाचा निवाडा सरकारवर बंधनकारक असलाच पाहिजे, असं ते म्हणत होते. मैत्रिणीनं खाली लिहिलं होतं, ‘हे सगळे आपल्या बाबांसारखे चालतात गं, पाय दुखत असल्यासारखे.’

मी ते फोटो बाबांना दाखवले. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिले. “यांच्या अंगावर कुणी ट्रक आणला नाही?” त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. “आणि पंच होते यांना?” होते, म्हटलं, पण सरकारनं ऐकलं नाही. “मग काय उपयोग,” म्हणाले, आणि थोड्या वेळानं, “तरी पण.” त्या मोर्च्यानंतर तिकडे निवाडा बंधनकारक झाला नाही. २०१४ साली वाटाघाटीचं मंडळच गेलं आणि नुसती शिफारस करणारं मंडळ आलं.

पोलिसानं संप करू नये, हे मला पटतं. १८ ऑगस्ट ज्यानं गॅलरीतून पाहिलाय त्याला ते वेगळं पटवून द्यावं लागत नाही. पण त्याच्या हातातून संप काढून घेणाऱ्यानं त्या हातात दुसरं काही द्यायला हवं. समोरासमोर बसायची जागा, तिऱ्हाईत पंच, आणि दोघांनाही मोडता येणार नाही असा निवाडा. पोस्टातल्या माझ्या मामाला जे मिळालं, ते रात्री बारा वाजता त्याच पोस्टाबाहेर पहारा देणाऱ्याला का मिळू नये, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

२०१६ साली देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला. आयुक्त दत्ता पडसलगीकर होते, आणि पाळ्यांचं गणित मांडलं होतं त्याच ठाण्यातल्या एका कर्मचाऱ्यानं. बाबांनी ती बातमी दोनदा वाचली, मग आईला स्वयंपाकघरातून बोलावून मोठ्यानं वाचून दाखवली. “आठ तास,” म्हणाले. “पोरांना जेवायच्या वेळेला बाप दिसेल.” चौतीस वर्षं उशिरा आलेली ती बातमी त्यांनी कापून एलआयसीच्या कागदांत ठेवली. त्या फाईलीत तोवर संघटनेच्या पावत्या पिवळ्या पडल्या होत्या. एका पावतीला रिबिनीचा तुकडा टाचलेला होता, टोकं काळपट, कडक.

आता चाळी पडताहेत, १६० फुटांच्या जागी ५०० फुटांची घरं होताहेत. आमची इमारत रिकामी व्हायच्या आधीच्या रविवारी आम्ही लाईनीतली मुलं जमलो. मुलं म्हणजे पन्नाशी-साठीची. कुणाचे गुडघे गेलेले, कुणी सूनमुख पाहिलेलं. बाबा नव्हते आता, कुणाचेच फारसे नव्हते. जिन्यात बसलो. कुणीतरी म्हणालं, बक्कल नंबर आठवतात का? एकानं आपल्या वडिलांचा सांगितला, मग दुसरीनं, मग सगळ्यांनीच. एकही अडला नाही. मी वहीत लिहून घेत होते. समोरच्या काकांचा मुलगा खालच्या पायरीवर बसला होता. तो नाशिकहून आला होता, लाईन सोडल्यावर पहिल्यांदाच. त्याची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, “आमचा नंबर ब्याऐंशी सालातच गेला, पुढे दुसऱ्या कुणाला दिला असेल.”

“तरी सांग,” मी म्हटलं.

त्यानं चार आकडे सांगितले. मी ते बाबांच्या नंबरशेजारी लिहिले.